‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणजे नक्की काय?



गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. दिवेलागण होऊन गेली होती. आमच्या सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "आज मला कुणी जेवायला वाढलंच नाही." चाळीस वर्षं सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेतलेली बाई! त्यांचं ताट मी साडेपाचलाच वाढलं होतं. "आई, तुम्ही जेवलात ना," म्हटलं तर त्या माझ्याकडे बघून रडायला लागल्या.

खुणा वर्षभर दिसतच होत्या. पाणी गाळायचं फडकं कुठे ठेवलं ते आठवायचं नाही, आज अष्टमी का हे चार-चारदा विचारायच्या. घरात सगळ्यांचं उत्तर एकच, वय झालं. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीनं किती म्हाताऱ्यांचे उपचार अडवले असतील कोण जाणे.

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आमच्या ह्यांची घाई, "थेट स्कॅन करा, काय ते कळेल." डॉक्टरांनी मात्र आधी मलाच अर्धा तास प्रश्न विचारले. पैशांचे हिशेब जमतात का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, हे कधीपासून. मग आईंना घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग रक्त तपासलं, त्यात थायरॉईड आणि बी-१२. बी-१२ कडे आपण तर विशेष लक्ष द्यायला हवं. शाकाहारात ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं, आणि उतारवयात शरीर ते नीट शोषूनही घेत नाही. त्याच्या कमतरतेनंसुद्धा विसरायला होतं. आईंचं कमी निघालं, इंजेक्शनं झाली, पायांच्या मुंग्या गेल्या. विसरणं राहिलंच.

मग एमआरआय. यंत्रात प्रचंड चुंबक असतो, म्हणून बांगड्या साबण लावून काढल्या, पिना काढल्या, कानातलं काढलं. आत धडधड सुरू झाली तशा आई घाबरून मोठ्यानं णमोकार म्हणू लागल्या. तिथला मुलगा भला होता. "आजी, मनात म्हणा, ओठ हलले की फोटो हलतो," म्हणाला. दोन मिनिटांनी त्या ही सूचना विसरल्या, मंत्र मात्र विसरल्या नाहीत. डॉक्टरांनी पुढे कारण सांगितलं. नवी आठवण साठवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग अल्झायमरमध्ये लवकर झिजू लागतो, लहानपणी मुरलेलं बरंच उशिरापर्यंत टिकतं.

रिपोर्टमध्ये लिहून आलं, ‘मेंदूचं वयानुसार आकुंचन’. गाठ नाही, रक्तस्राव नाही. वन्संनी फोनवरूनच जाहीर केलं, "रिपोर्ट नॉर्मल आहे, उगाच घाबरवलंस." रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे परत जायचं तेही राहिलं. सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत आई एकदा मंदिरातून घरी येताना चुकल्या आणि घरातल्यांनी "मुद्दाम करतात" म्हणून त्यांना रागवूनही घेतलं. त्यात मीही होते, खोटं कशाला सांगू?

परत गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, स्कॅन साफ आला म्हणजे आजार नाही असं नव्हे. सुरुवातीला चित्रात फारसं काही दिसत नाही. निदान होतं ते माणसात झालेला बदल, स्मरणाच्या चाचण्या, रक्त आणि स्कॅन हे सगळं एकत्र ठेवून.

मग स्कॅन कशाला? तर आमच्या गल्लीतल्या एक काकू बाथरूममध्ये पडल्या आणि महिन्याभरानं भ्रमिष्टासारख्या वागू लागल्या. सीटी स्कॅनमध्ये कवटीखाली साचलेलं रक्त दिसलं. ऑपरेशन झालं आणि काकू पुन्हा पापड लाटायला बसल्या! बरा होऊ शकणारा दुसरा आजार तर नाही ना, हे बघणं हे स्कॅनचं पहिलं काम. अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी १९०६ साली या आजाराचं वर्णन केलं ते रुग्ण बाईच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू तपासून. जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झाला. आज तो जिल्ह्याच्या गावी होतो. करून घ्याच.

वन्संचा मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणे पेट स्कॅन करा, मेंदूत साचलेलं अमायलॉइड प्रथिनच दिसतं. दिसतं खरं. पण स्मरण ठणठणीत असलेल्या कित्येक वृद्धांच्या मेंदूतही ते सापडतं. त्याच अमेरिकेत ६७८ कॅथलिक साध्वींचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यांनी मरणोत्तर मेंदूदान कबूल केलं होतं. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या. चाचण्यांत शेवटपर्यंत उत्तम, आणि मेंदू उघडला तर अल्झायमरच्या खुणांनी भरलेला! एकसारखा दिनक्रम असलेल्या या बायकांचं वाचताना मला आपल्या आर्यिका माताजी आठवल्या. नव्या औषधांसाठी ती तपासणी लागू शकते हे मान्य, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच करावी. शेजारणीनं केली म्हणून नको.

माझं म्हणणं तुम्हाला पटो न पटो, पण स्कॅनला दहा हजार सहज मोजणारी आपली घरं, रोज त्या माणसाजवळ असणाऱ्या सुनेला "तुला काय दिसतंय" हे विचारत नाहीत. मी आता एक वही ठेवते. तारीख, काय विसरल्या, किती वाजता, झोप कशी. मागच्या खेपेला डॉक्टरांनी फिल्म पाकिटातच राहू दिली आणि आधी वही मागितली. ह्यांनी ते पाहिलं. परवा आई पुन्हा "मला वाढलं नाही" म्हणाल्या, तेव्हा मी ओट्यापाशी होते. ह्यांनी त्यांच्याजवळ बसून सामायिकाची चटई पसरली आणि वहीत स्वतःच्या हातानं वेळ लिहिली, ७ वाजून २०.