वायर पोरांच्या हातात द्या

घोड नदी आहुप्याच्या डोंगरात जन्मते. डिंभ्याला तिला अडवली. आदिवासींची गावं पाण्याखाली गेली आणि पाणी कालव्यानं खाली, पार नगर-सोलापूरकडच्या बागायतीला गेलं. तो हिशेब आज काढायचा तो दुसऱ्या एका नदीसाठी. ही नदी तारेतून आणि हवेतून वाहते.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७१ साली परदेशाशी उपग्रहावरून बोलणारं भूकेंद्र उभं राहिलं. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना फायबरनं जोडून आभाळ ऐकायला बसवल्या. म्हणजे या पट्ट्याला जगाचं तंत्र नवं नाही. पण २०२० मध्ये शाळा मोबाईलवर गेली तेव्हा सह्याद्रीतल्या वाड्यावस्त्यांवरची पोरं रेंज शोधत टेकड्या चढत होती. केंद्रानं २०११ साली अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरवलं. पुढं त्याचं भारतनेट झालं. ठीक आहे. तार आली असं धरू. ती तुटली तर कोण जोडणार? पेटीतला दिवा विझला तर कुणाच्या दारात जायचं?

आपल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवला म्हणजे काय शिकवलं? टायपिंग, तक्ते आणि भिंतीवर लावायला सर्टिफिकेट. फारच पुढं गेले तर नेटवर्कचे सात थर पाठ करून घेतले. पोरगं धडाधडा म्हणून दाखवतं, पण त्याच्या बापजन्मात केबलला क्रिंपर लागलेला नसतो. या देशात हातानं काम करणारा खालचा आणि तोंडानं पाठ म्हणणारा वरचा, ही जुनी खोड कॉम्प्युटरच्या वर्गातही घुसली आहे.

मित्रांनो, प्रोटोकॉल हे काही वेदमंत्र नव्हेत. दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा तो ठराव. पहिलं विचारतं, बोलायचं का? दुसरं म्हणतं, हो, तू ऐकतोस का? पहिलं म्हणतं, ऐकतो. मग माल सुटतो, तुकड्यातुकड्यानं. तुकडा हरवला तर पुन्हा पाठवला जातो. सर्फ आणि कान यांनी १९७४ साली हे मांडलं, आणि १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं आर्पानेट या ठरावावर आलं. तुकड्यावर पत्ता असतो, जात नसते. (पत्त्यावरून जात काढायची अक्कल माणसांची.)

हे फळ्यावर कळत नाही. दोन जुनी यंत्रं घ्या, मध्ये स्विच ठेवा. आठ तारा रंगाच्या क्रमानं लावून पोरांनाच टोकं दाबू द्या. दोन-चार वाया जातील, जाऊ द्या. एकाला १९२.१६८.१.१ पत्ता द्या, दुसऱ्याला १९२.१६८.१.२, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि पिंग मारा. उत्तर येतं. आता दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.२.२ करा. तार तीच, दिवाही लागलेला, पण उत्तर बंद! का? इथं पोरगं डोकं खाजवतं. दिवा लागला म्हणजे बोलणं झालं असं नाही, हे त्याला कळतं. दोन वेगळ्या नेटवर्कांमध्ये राउटर कशाला लागतो, हेही मग सांगावं लागत नाही, तेच मागतं. नंतर वायरशार्क उघडा. तो मघाचा तीन वाक्यांचा संवाद ओळीनं पडद्यावर उतरलेला दिसतो. सॉफ्टवेअर फुकट आहे.

हे होत नाही असं कुणी सांगू नये. पुणे जिल्ह्यातच, पाबळला, डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, खेड्यातल्या पोरांना काम करता करता शिकवायला. अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब २००२ मध्ये तिथं आली. पालघरच्या गावांत आयआयटी मुंबईच्या ग्राममार्गनं टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट पोचवून दाखवलं. २०१७ ला त्याला मोझिलाचं बक्षीस मिळालं. तिथं जमतं, मग आंबेगावच्या डोंगरात का जमू नये?

तेव्हा घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडं आपलं मागणं साधं आहे. आहुपे खोऱ्यातल्या पोरांसाठी आश्रमशाळेत एक खोली, चार वापरलेली यंत्रं, स्विच, राउटर, केबलचं एक भेंडोळं, क्रिंपर आणि टेस्टर. खोलीची किल्ली मोठ्या वर्गातल्या मुलामुलींकडं राहील. शिकवणारा आठवड्याला येणारा हवा, उद्घाटनाला येणारा नको. पंचायतीतली पेटी बंद पडली की पहिली हाक या पोरांना मारायची, आणि त्या कामाची मजुरी रोख द्यायची.