पाळण्याचा दांडा नेमका कोणाला धरतो?

जत्रा आणि फेस्तांचा हंगाम सुरू झाला की गोव्यातील गावोगावच्या मैदानांवर आकाशपाळणे उभे राहतात, छोट्या आगगाड्या वळणावळणाच्या रुळांवरून धावू लागतात आणि जहाजाच्या आकाराचे झोपाळे दोन्ही बाजूंना झेपावू लागतात. सुट्टीत मुलांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या मोठ्या मनोरंजन उद्यानात जाणारी कुटुंबेही कमी नाहीत. या सर्व ठिकाणी बसणाऱ्याच्या अंगावर एखादा दांडा, पट्टा किंवा खांद्यांवरून खाली येणारे कवच लावले जाते. कुलूप लागल्याचा खट्ट आवाज ऐकला की पालक निश्चिंत होतात. ही निश्चिंती कितपत रास्त आहे, हा प्रश्न २०२५ मधील दोन दुर्घटनांनी पुन्हा पुढे आणला आहे.

पहिली दुर्घटना दिल्लीची. एप्रिलमध्ये कापसहेडा भागातील एका मनोरंजन उद्यानात रोलर कोस्टर उंचीवर असताना आधार तुटला आणि २४ वर्षांची तरुणी खाली कोसळून मरण पावली. दुसरी अमेरिकेतील ऑरलँडोची. तेथील एपिक युनिव्हर्स या नव्या उद्यानात सप्टेंबरमध्ये ‘स्टारडस्ट रेसर्स’ या रोलर कोस्टरवर ३२ वर्षांच्या एका चाकाच्या खुर्चीवरील तरुणाचा शरीरावर अनेक आघात होऊन मृत्यू झाला. यंत्रणा नीट चालत होती, सामग्री शाबूत होती आणि कर्मचाऱ्यांनी नियम पाळले होते, असे व्यवस्थापनाने आपल्या अंतर्गत पाहणीच्या आधारे सांगितले. कुटुंबाच्या वकिलांनी ही भूमिका मान्य केली नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. दिल्लीत काहीतरी तुटले होते. ऑरलँडोत, व्यवस्थापनाच्याच म्हणण्यानुसार, काहीही तुटले नव्हते.

आपल्याकडे सुरक्षेची चर्चा बहुधा पहिल्या प्रकारापाशीच थांबते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ १४ जुलै २०१९ रोजी एक अजस्र लंबक फिरता फिरता मोडून पडला, काहींचे प्राण गेले आणि पंचविसाहून अधिक जण जखमी झाले, तेव्हाही प्रश्न विचारले गेले ते गंजलेल्या लोखंडाचे आणि देखभालीचे. ते विचारायलाच हवेत. परंतु गेल्या दीड दशकातील अनेक गाजलेल्या अपघातांत बंधन तुटलेले नव्हते. ते समोर बसलेल्या शरीराला धरतच नव्हते. हा दोष नट-बोल्ट तपासून सापडत नाही.

तो समजण्यासाठी आधी बंधनाचे काम काय, हे पाहिले पाहिजे. गाडी उलटी होते तो क्षण सर्वांत धोक्याचा, असा सामान्य समज आहे. प्रत्यक्षात पुरेशा वेगाने उभे वर्तुळ पार करणारी गाडी प्रवाशाला बैठकीवरच दाबून ठेवते. खरी कसोटी लागते ती साध्या दिसणाऱ्या टेकडीच्या माथ्यावर. गाडी खाली वळते, पण शरीर मात्र सरळ पुढे जाऊ पाहते. गाडीला रुळाखालून पकडणारी चाके धरून ठेवतात. ही कल्पना जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१९ मध्ये पेटंट करून घेतली. शरीराला अशी चाके नसतात. त्या क्षणी त्याला खाली आणणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मांडीवरचा दांडा किंवा अंगावरचे कवच. म्हणूनच दांडा कुठे टेकतो याला महत्त्व आहे. तो मांड्यांच्या वरच्या भागावर, कमरेच्या सांध्यालगत टेकला तर शरीराचा भारी भाग जागेवर राहतो. तोच पोटावर टेकला तर हाताला घट्ट लागतो, परंतु खाली मांड्यांवर पोकळी राहते आणि झटका बसताच मऊ पोट दबून शरीर वर सरकू शकते.

आराम आणि सुरक्षा यांचे नाते या ठिकाणी सुरू होते. जितके अधिक लोखंड अंगावर तितके अधिक सुरक्षित, ही समजूत इतिहासाला मान्य नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लिप फ्लॅप’चे वर्तुळ पूर्ण गोल होते. त्यात शिरताच बसणारा धक्का इतका तीव्र होता की लोकांच्या माना अवघडत. पट्टे वाढवून तो दोष जाणार नव्हता. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानात ‘रेव्होल्यूशन’ उभी राहिली. वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने तिच्या वर्तुळाला थेंबाचा आकार दिला आणि धक्का सौम्य झाला. केवळ मांडीवरच्या दांड्यावर ती लोकांना उलटे फिरवीत असे. पुढे नव्वदच्या दशकात तिच्यावर खांद्यांवरील कडक कवचे बसवण्यात आली. परिणाम असा की आडव्या हिसक्यांत प्रवाशांची डोकी आणि कान त्या कवचावर आपटू लागले. अखेर २०१६ मध्ये नवे डबे आणून मांडीवरचा दांडाच परत आणला गेला. अभियंत्यांनी रूळ बदलून जे साधले होते, ते नंतरच्या अवजड कवचाने बिघडवले होते.

याचा अर्थ कवच निरुपयोगी, असा नव्हे. इमॅजिकातील ‘नायट्रो’सारख्या, पायांखाली तळच नसलेल्या गाडीत खांद्यांवरून येणारे कवच सुरक्षारचनेचाच भाग आहे. मुद्दा एवढाच की त्रासदायक बंधन हे बहुधा अपुरे बंधनही असते. दांडा पोटात रुतेल या भीतीने प्रवासी श्वास रोखून पोट पुढे काढतो किंवा टाचा उचलून मांड्या वर करतो. कर्मचारी वरून दाबतो, कुलूप लागते आणि प्रवासी सैलावला की त्याच दांड्याखाली जागा मोकळी होते. दातेरी पट्टीचा दांडा दोन दात्यांच्या मधे थांबू शकत नाही. तो एक तर थोडा सैल राहतो, नाही तर थोडा अधिक रुततो. द्रवाच्या दाबावर चालणारा नळकांड्याचा दांडा हव्या त्या ठिकाणी थांबतो, म्हणून तो अंगाला अधिक सोयीचा आणि पकडीला अधिक अचूक असतो. सोय आणि सुरक्षा येथे एकाच मोजमापातून येतात, आणि ते मोजमाप बसणाऱ्याच्या शरीराचे असते.

हे मोजमाप चुकले की काय होते, याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डेरियन लेक येथे इराक युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरवरून फेकला गेला. मांड्या आणि नडग्या धरणाऱ्या बंधनाला तेथे धरण्यासारखे काही नव्हते. दोन्ही पाय असण्याची अट नियमांत होती. ती पाळली गेली नाही. २०२१ मध्ये कोलोरॅडोतील ग्लेनवूड कॅव्हर्न्स येथे सहा वर्षांची मुलगी आधीच अडकवलेल्या पट्ट्यांवरच जाऊन बसली. यंत्रणेने धोक्याची सूचना दिली होती. कर्मचाऱ्यांनी तिचे कारण न शोधता ती दूर केली आणि बैठक सुमारे ११० फूट खाली सोडली.

तिसरे उदाहरण २४ मार्च २०२२ चे, ऑरलँडोतील ‘फ्री फॉल’ या ४३० फुटी मनोऱ्याचे. तेथे पडून मरण पावलेला मुलगा अवघा १४ वर्षांचा होता, पण देहाने थोराड. निर्मात्याने घातलेल्या वजनाच्या मर्यादेपेक्षा त्याचे वजन कितीतरी अधिक होते. उंची मोजणाऱ्या पट्टीने त्याला अडवले नाही, कारण ती फक्त लहानांना अडवते. वजन कोणी विचारले नाही. शासकीय तपासात आढळले की त्याच्या आसनाचा संवेदक हाताने बदलण्यात आला होता. त्यामुळे कवच आणि आसन यांत नेहमीच्या जवळजवळ दुप्पट अंतर असूनही ‘सुरक्षित’ दर्शवणारा दिवा लागला. कवचाशिवाय वेगळा पट्टा त्या आसनाला नव्हताच. असा पट्टा प्रत्येक आसनाला सुमारे २२ डॉलरमध्ये, म्हणजे तीसही आसनांना मिळून ६६० डॉलरमध्ये बसला असता, असे कुटुंबाच्या बाजूने मांडण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये ज्यूरीने निर्मात्या ऑस्ट्रियन कंपनीविरुद्ध ३१ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. तो मनोरा तोवर उतरवण्यात आला होता.

या तिन्ही ठिकाणी नियमांचा अभाव नव्हता. अमेरिकेतील एएसटीएमची मानके गाडीला बसणाऱ्या धक्क्यांनुसार बंधनांचे पाच वर्ग पाडतात. पहिल्या वर्गात बंधनाची गरजच नसते, तर पाचव्यात एक कुलूप निकामी झाले तरी दुसरे टिकले पाहिजे. युरोपची मानके आहेत, आंतरराष्ट्रीय मानके आहेत आणि भारतीय मानक ब्युरोचीही आहेत. पण मानक तपासते ते यंत्र. उद्या सकाळी त्या आसनावर कोण बसणार, हे मानकाला ठाऊक नसते. ते पाहण्याचे काम फलाटावर उभ्या असलेल्या, बहुधा हंगामी आणि तुटपुंज्या पगाराच्या कर्मचाऱ्यावर येऊन पडते. मागे रांग असते, समोर पैसे मोजलेला ग्राहक असतो आणि ‘तुम्हाला बसता येणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला आहे की नाही, हेही त्याला नीट सांगितलेले नसते.

आपल्या जत्रांत हा ताण अधिकच असतो. येथे अनेक पाळण्यांना दोघातिघांसाठी मिळून एकच दांडा असतो. असा दांडा थांबतो तो सर्वांत जाड प्रवाशापाशी. वडिलांच्या मांडीवर तो टेकला की शेजारच्या लहानग्याच्या मांडीवर वीतभर जागा रिकामी राहते, आणि वडील शेजारी आहेत या भरवशावर कोणी ती पाहत नाही. मूल मोठ्यांच्या शेजारी अधिक सुरक्षित असते, हा घरातला नियम येथे उलटा पडतो. त्यात साडीचे घोळ, ओढणी, मांडीवर ठेवलेली पिशवी यांवर दांडा टेकला तर तो हाताला घट्ट वाटतो, पण शरीराला लागलेला नसतो.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. मोठ्या उद्यानांनी राईडच्या प्रवेशद्वारापाशीच, रांगेच्या आधी, खऱ्या आसनासारखे एक चाचणी-आसन ठेवावे. परदेशात ही पद्धत रुळलेली आहे. ज्याला दांडा लागत नाही त्याला ते तासभर रांगेत उभे राहून शंभर लोकांसमोर कळण्याऐवजी आधीच, मान राखून कळते. उंचीच्या पट्टीसोबत वजनाची मर्यादा आणि शरीर कसे धरले जाते याचे चित्र मराठी व कोकणीत लावावे. ज्याला बसू दिले नाही त्याचे पैसे तिथल्या तिथे परत करावेत, म्हणजे नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला भांडण विकत घ्यावे लागणार नाही. संवेदकात फेरफार करण्याचा अधिकार जागेवरच्या कोणालाही असू नये. जत्रेतील पाळण्यांना जागा देताना देवस्थान समित्या, पंचायती आणि पालिकांनी विजेच्या जोडणीइतकाच आग्रह आणखी दोन गोष्टींचा धरावा: सामाईक दांड्याच्या पाळण्यात लहान मुलांना मोठ्यांच्या जोडीने न बसवता सारख्या अंगकाठीच्या मुलांसोबत बसवावे, आणि ज्याच्या मांडीवर दांडा लागत नाही अशा मुलाला त्या पाळण्यात बसवूच नये.

असे नियम जाड, ठेंगण्या किंवा अपंग व्यक्तींना आनंदापासून दूर ठेवतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. मात्र त्याचे उत्तर नियम सैल करण्यात नसून अधिक शरीरांना सामावणारी आसने करण्यात आहे, आणि ती होतही आहेत: जास्त लांबीचे पट्टे, काही रांगांत मुद्दाम ठेवलेली रुंद आसने, मऊ बंडीसारखी कवचे. एखाद्याला नाकारणे अपमानाचे आहे हे खरे. पण ऑरलँडोतील त्या १४ वर्षांच्या मुलाला त्या रात्री कोणी नाकारले असते, तर तो जिवंत राहिला असता. तोपर्यंत पालकांच्या हाती एक साधी कसोटी आहे. खट्ट आवाज ऐकून थांबू नये. मुलाच्या मांडीवर आणि दांड्याखाली हात घालून पाहावा. मूठ आत शिरत असेल तर कुलूप कितीही मजबूत असले, तरी मुलाला खाली उतरवावे.