बटेरच्या पाण्यात बाटली ओतण्याआधी टाकीत हात घाला

आठवड्याला दोन तरी फोन येतात, "काका, बटेरची अंडी घटली, पाण्यात कोणतं टॉनिक टाकू?" आज एकदाच लिहून टाकतो.

मागच्या मे महिन्यात मी स्वतः फसलो. ५०० माद्या, दिवसाला ४१० अंडी. पंधरा दिवसांत २६० वर आली. औषध विकणारा एक जण शेडवर आला, "लिक्विड कॅल्शियम द्या, आठ दिवसांत फरक बघा." १४०० रुपये मोजले. आठ दिवस गेले, पंधरा गेले, अंडी तेवढीच.

मग बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं अन् हिशोब मांडला. ५ मिलीत ८० मिलिग्रॅम कॅल्शियम. डोस १०० पक्ष्यांना १० मिली. म्हणजे एका पक्ष्याच्या वाट्याला १.६ मिलिग्रॅम! बटेरचं अंडं साधारण १० ग्रॅमचं, त्याच्या टरफलाला सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. खाद्यात ३ टक्के कॅल्शियम असलं, तर रोजच्या ३० ग्रॅम खाद्यातून ९०० मिलिग्रॅम मिळतं. आता तुम्हीच सांगा, अंडं खाद्यावर बनतं का बाटलीवर?

खरं दुखणं वेगळंच होतं. पत्र्यावरची काळी टाकी. दुपारी दोनला निपलखाली हात धरला तर पाणी चहासारखं गरम. पक्षी पाणी पीत नव्हते. पाणी नाही तर खाद्य नाही, अन् खाद्य नाही तर अंडं कुठून येणार? वरून त्या गोड टॉनिकनं पाइपात बुळबुळीत थर धरला, निम्मे निपल चोंदलेले. टाकी लिंबाखाली नेली, गोणपाट बांधून ओलं ठेवलं, पाइप धुतला. बारा दिवसांत ३८० अंडी. ऊनही थोडं उतरलं होतं, ते नाकारत नाही. पण टॉनिक तेव्हा बंदच होतं.

पाण्यातून काहीच देऊ नका, असं म्हणत नाही. कडक उन्हात चार-पाच दिवस इलेक्ट्रोलाइट अन् व्हिटॅमिन सी द्या, उपयोग होतो. पण सकाळी थंड पाण्यात, दोन-तीन तासांत संपेल एवढंच. प्रोबायोटिक द्यायचं त्या दिवशी पाण्यात ब्लीचिंग नको, नाहीतर पैसे देऊन आणलेले जिवाणू टाकीतच मरतात.

अन् "अंडी वाढवायचं" म्हणून अँटिबायोटिक तर अजिबात नको. ते अंड्यात उतरतं, ते अंडं आपलीच लेकरं खातात. कोलिस्टिनवर सरकारनं २०१९ लाच बंदी घातलीय, उगीच नाही.

१९७४ मध्ये हा पक्षी आपल्या देशात इज्जतनगरला आणला गेला. सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येणारी जात आहे. तिला चांगलं खाद्य, थंड स्वच्छ पाणी अन् १४ ते १६ तास उजेड द्या. हिवाळ्यात लाइट गेली अन् अंडी घटली, तर त्याला बाटली काय करणार?

साहेब लोकांनाही हात जोडून विनंती. मेळाव्यात औषधाचं नाव सांगण्याआधी विचारा, "टाकी कुठं ठेवली? पाइप कधी धुतला?"

ज्यांना टॉनिकनं फरक पडला, त्यांनी खाली रोजच्या अंड्यांचा आकडा टाका, आधीचा अन् नंतरचा. माझी वही उघडी आहे, तुमचीही उघडा.