कुंडलिका समुद्रापर्यंत जाते, मुली का नाहीत?

रोह्याच्या एका शाळेची यंदा अभ्याससहल निघाली. पहिल्या दिवशी भिऱ्याचे वीजघर पाहिले. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली उतरून १९२७ पासून तिथे वीज तयार करते आणि पुढे कुंडलिकेतून रोह्यावरून रेवदंड्याला समुद्रास मिळते. त्या दिवशी मुली होत्या. पुढचा टप्पा मुक्कामाचा: तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग आणि गोव्यात दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. त्या बसमध्ये एकही मुलगी नव्हती.

कारणे ओळखीचीच. रात्रीचा मुक्काम, अंगाला चिकटणारे कपडे, पाळी आली तर? एक आई मला म्हणाली, "ताई, उन्हापाण्यात पोरगी काळी पडेल, लग्नाला नडेल." हीच आई माहेरी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिसऱ्या काढत असे. पोटासाठी बाई पाण्यात उतरलेली चालते, शिकण्यासाठी नाही!

नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत याच संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. १९८३च्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया.

पण मैत्रिणींनो, नुसता आयांना दोष देऊन भागणार नाही. शाळेने सोबत एकही शिक्षिका नेली नाही, मुलींच्या राहण्याची सोय सांगितली नाही, संमतीपत्रावर सही मात्र वडिलांचीच मागितली. पुढच्या सहलीआधी आपल्या गटांनी पालकसभेत जाऊन तीन गोष्टी मागूया: सोबत शिक्षिका, मुक्कामाची लेखी माहिती आणि आईची सही.