प्रत्येक लाल डोळा म्हणजे ‘डोळे आले’ नव्हे

कोल्हापूरकडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, ‘ह्यांचा एक डोळा वर्षातून दोन-तीनदा लाल होतो. औषधाच्या दुकानातून थेंब आणून घातले की चार दिवसांत उतरतो. या खेपेला ठणका फार, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्याच्या आत सूज आहे म्हणून सांगितलं आणि कमरेचा फोटो काढायला पाठवलं! डोळ्याचा आणि कमरेचा संबंध काय? उगीच खर्चात तर पाडत नाहीत ना?’

तर आधी उत्तर. संबंध आहे, आणि डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं आहे. तरुण वयात सकाळी उठल्यावर कंबर धरलेली असणं, हिंडल्या-फिरल्यावर ती मोकळी होणं आणि अधूनमधून एकच डोळा लाल होऊन दुखणं, ही जोडगोळी डोळ्याच्या डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची. मणक्याच्या एका संधिवातात ती आढळते. घरात मात्र कंबर वेगळी नि डोळा वेगळा धरला जातो. कमरेला तेल आणि डोळ्याला गुलाबपाणी. दोन्हींचं मूळ एकच असेल अशी शंकाही येत नाही.

डोळ्याच्या आतल्या या सुजेला युव्हिआयटिस म्हणतात. बुबुळाचा रंगीत पडदा आणि त्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर, असा जो डोळ्याचा मधला कोट, त्याचा हा दाह. नेहमीचे डोळे येतात तेव्हा चिपडं धरतात, सकाळी पापण्या चिकटतात, खाज सुटते, एकाचे दोन डोळे होतात आणि मग अख्ख्या घराचे. युव्हिआयटिसमध्ये चिपडं सहसा नसतात. असतो तो खोलवर ठणका, उजेड सहन न होणं, धुरकट दिसणं, क्वचित डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगणं. एवढी खूण लक्षात ठेवलीत तरी पुष्कळ झालं. ही सूज तशीच राहिली तर बाहुली मागच्या भिंगाला चिकटते, मोतीबिंदू आणि काचबिंदू होतो, आणि गेलेली नजर प्रत्येक वेळी परत मिळतेच असं नाही.

दुकानातल्या थेंबांबद्दल मला जरा कडकच लिहायचं आहे. त्यांपैकी बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली झटकन उतरते ती त्यामुळे. डॉक्टरही हेच औषध देतात, पण डोळ्याचा दाब मोजून, दर किती तासांनी घालायचं आणि हळूहळू कसं कमी करायचं ते ठरवून. मनाने घातलं तर दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि आत जंतूंचा विकार असेल तर तो बळावतो. आपल्याकडे क्षयाच्या जंतूंमुळेही डोळ्याला अशी सूज येते, हे तर विसरूच नये. तेव्हा शेजारणीच्या कपाटातली उरलेली बाटली नको म्हणजे नकोच.

लेकुरवाळ्या भगिनींसाठी आणखी एक. लहानपणीच्या संधिवातात मुलाचा गुडघा किंवा घोटा सुजतो, पण डोळ्यात सूज येते ती अगदी मुकाट्याने. डोळा लाल नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. अशा मुलांचे डोळे डॉक्टर ठरवतील तितक्या महिन्यांनी, हनुवटी टेकवून बसवतात त्या यंत्रावर तपासून घ्यायचे, डोळा कितीही स्वच्छ दिसला तरी.

आता कोणी म्हणेल, जंतू असतील तर सूज समजू शकते. पण पुष्कळदा कुठलाच जंतू सापडत नाही, मग ही येते कुठून? मी काही डॉक्टर नव्हे. शाळेत अर्धा दिवस मराठी शिकवणारी बी. ए. झालेली बाई. पण या प्रश्नाबद्दल वाचायला घेतलं आणि हातातलं काम बाजूला राहिलं.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी गस्त घालत असतात. परका दिसला की धरायचा, हे त्यांचं काम. डोळ्याचा आतला भाग मात्र जुन्या घरातल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरासारखा. रक्तातल्या पेशींना तिथे सहजासहजी शिरकाव नाही, कारण तिथला नाजूक पडदा झटापटीत फाटला तर दृष्टीच जायची. त्यामुळे होतं असं, की आत काय काय मांडून ठेवलंय याची या शिपायांना पुरती ओळखच नसते. एखादवेळी दार फुटलं आणि आतल्या वस्तू त्यांच्या नजरेला पडल्या, तर ते घरच्यालाच चोर समजतात.

लुई ब्रेलचं उदाहरण घ्या. अंधांची ठिपक्यांची लिपी ज्याने तयार केली तोच हा. फ्रान्समधल्या कूव्रे गावी १८०९ साली जन्मला. वडील घोड्यांचे खोगीर-लगाम करणारे. तीन वर्षांचा असताना त्यांच्या दुकानात खेळताना चामड्याला भोक पाडायची आर त्याच्या एका डोळ्यात घुसली. इजा एकाच डोळ्याला, पण पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले! फुटलेल्या डोळ्यावर चालून आलेल्या पेशींनी मग धडधाकट डोळाही सोडला नाही, असं अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात. एका डोळ्याला खोल जखम झाली की दुसऱ्यालाही धोका असतो, तो यामुळे. दिवाळीत फटाक्याने डोळा भाजला-फुटला तर हळद-पाणी करत बसू नका, त्याच रात्री इस्पितळ गाठा.

पण ज्याच्या डोळ्याला काहीच लागलेलं नाही, त्याचे शिपाई कशाने बिथरतात? या कोड्यामागे वर्षानुवर्षं लागलेल्या एक शास्त्रज्ञ म्हणजे रेचल कॅस्पी. अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून बेथेस्डा नावाचं गाव आहे, तिथल्या सरकारी नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हे संशोधन केलं. १९८८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या उंदरांमध्ये हा रोग निर्माण करून दाखवला. डोळ्याच्या मागच्या पडद्यातलं एक प्रथिन घ्यायचं, त्यात मेलेल्या क्षयजंतूंची भर घालायची आणि कातडीखाली टोचायचं. डोळ्याला हातही लावायचा नाही. तरी दोनेक आठवड्यांत डोळ्याच्या आत सूज! शिपाई डोळ्याबाहेरच तयार होतात आणि मग डोळ्याचं दार मोडून आत घुसतात, हे यातून दिसलं. माणसांवर द्यायची औषधं आधी अशा उंदरांवर पारखता येऊ लागली. उंदरांची मला दया येते, ते खोटं कशाला सांगू? पण त्यांच्यावाचून हे कळलं नसतं, हेही खरं.

तरी एक अडचण उरलीच. माणसाला कोणी असं प्रथिन टोचत नाही. मग सुरुवात होते कुठे? कॅस्पीबाईंच्या प्रयोगशाळेने असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या अंगात त्या प्रथिनावर रोख असलेल्या पेशी जन्मतःच पुष्कळ. त्यांना काही टोचावं लागलं नाही; दोन महिन्यांचे होईतो त्यांचे डोळे आपसूकच सुजले. रेको होराई या त्यांच्या सहकारी. त्यांनी या उंदरांच्या अंगात शोध घेतला, तेव्हा डोळा सुजण्याच्या आधीच खवळलेल्या पेशी सापडल्या. कुठे? तर आतड्यात! ज्या उंदरांच्या डोळ्यांत ते प्रथिनच नव्हतं, त्यांच्याही आतड्यात त्या पेशी खवळलेल्याच होत्या. म्हणजे त्यांना डिवचणारं दुसरंच काहीतरी होतं. अनेक प्रतिजैविकं देऊन आतड्यातले जंतू कमी केले, तर डोळ्याचा रोग सौम्य झाला. आतड्यातल्या जंतूंमधलं काहीतरी त्या प्रथिनासारखं दिसत असावं आणि त्यावर चिडलेले शिपाई पुढे डोळ्यावर जात असावेत, असं त्यांनी २०१५ साली मांडलं.

आपल्याकडे पोट साफ तर सगळं ठीक, असं म्हणणाऱ्या सासूबाईंना हे वाचून आनंद होईल! पण थांबा. हे उंदरांत दिसलं, माणसांत नव्हे, आणि नेमका कुठला जंतू हेही त्या लेखात ठरलेलं नव्हतं. एरंडेल घेऊन किंवा वाटीभर दही खाऊन युव्हिआयटिस बरा होतो, असा अर्थ कोणी काढू नये. प्रतिजैविकांच्या गोळ्या तर मनाने मुळीच घेऊ नयेत. शिवाय सगळेच जंतू काही वैरी नसतात. याच प्रयोगशाळेने २०१७ साली दाखवलं, की उंदराच्या डोळ्याच्या पृष्ठभागावर राहणारा एक जंतू शिपायांना बेताचं जागं ठेवतो आणि त्यामुळे बुरशीसारख्या संसर्गापासून डोळा वाचतो.

औषधांकडे येऊ. स्टेरॉइडवर वर्षानुवर्षं राहता येत नाही, म्हणून शिपायांना शांत करणारी दुसरी औषधं देतात. त्यांतल्या दोन गोळ्यांची तुलना भारतासह पाच देशांतल्या २१६ रोग्यांवर झाली, आणि २०१९ साली छापलेल्या त्या लेखावर पहिलं नाव मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. रथिनम यांचं आहे. मेथोट्रेक्सेट हे जुनं, स्वस्त औषध घेणाऱ्या ९६ पैकी ६४ जणांची सूज सहा महिन्यांत आटोक्यात आली. मायकोफेनोलेट हे महागडं औषध घेणाऱ्या ९८ पैकी ५६ जणांची. महाग तेच सरस, असं काही दिसलं नाही. महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्या घरात या बातमीचं मोल काय, ते मी सांगायला नको.

पत्रलेखिका भगिनींच्या घरी पुढेमागे ही मेथोट्रेक्सेटची गोळी आलीच, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर जिवावर बेतते, आणि अशी चूक घरोघरी होऊ शकते. गोळ्यांच्या पाकिटावर वार लिहून ठेवा, आणि त्या रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात, ती कधी घ्यायची ते विचारून घ्या. मधूनमधून रक्त तपासावं लागतं आणि दारू वर्ज्य. गरोदरपणात ही गोळी मुळीच चालत नाही. रोगी स्त्री असेल आणि मूल हवं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं, दिवस गेल्यावर नव्हे. पुरुषाला गोळी चालू असेल तरी विचारून घ्यावं.