दवाखान्याच्या दारातली गर्दी

हे संपादकीय लिहायला मला दोन महिने लागले. कारण ते माझ्याच विरोधात आहे.

जानेवारीत आपल्या पोरांनी इंदापुरात एका खाजगी दवाखान्यावर मोर्चा नेला. आत लिंगनिदान चालतं अशी कुणकुण होती. कुणकुणच. हातात कागद एकही नव्हता. मी गोदीतली पाळी बदलून घेतली, रात्रीची एसटी धरली नि पहाटे उतरलो. घोषणा माझ्या होत्या. 'गर्भपात म्हणजे खून' ही ओळ माझी. पुढच्या ओळीशी यमक बसलं म्हणून एसटीत खूश होतो साला. साठसत्तर पोरं, हलगी, निळे झेंडे. दोन तास आम्ही कुणाला आत जाऊ दिलं नाही की बाहेर येऊ दिलं नाही.

फाटकाच्या आत पायरीवर बायका बसलेल्या. तोंडावर पदर. बाहेर रस्त्याच्या कडेला ऊसतोडीची एक बाई उभी होती, बीडकडची, हातावर पाचटाचे ओरखडे. थोडा वेळ थांबली नि गेली. तळावरून एक दिवस निघायचं तर खाड्याचे पैसे कापले जातात. तिनं तो दिवस भरला नि आमच्यामुळे तशीच परतली. तेव्हा हे डोक्यातही आलं नाही. आपल्यातल्या एकानं सगळं मोबाईलवर काढलं आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकलं.

त्या व्हिडीओत पायरीवर माझी वहिनी होती. चुलतभावाची बायको. बारामती एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला जाते, पदरात दोन लहान पोरं, तिसरं नको होतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. व्हिडीओ वस्तीत फिरला. फेब्रुवारीत गावी गेलो तेव्हा तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. चहा ठेवून म्हणाली, "भावजी, तुमी कविता करता म्हनं. ती माझ्यावर केली व्हती का?"

मी चहा तसाच ठेवून उठलो.

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण आपण तो न वाचताच गेलो होतो. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. ठरलेल्या मुदतीत, नोंदणी झालेल्या डॉक्टरकडे, ठरलेल्या कारणांसाठी गर्भपात हा गुन्हा नाही. साधन फसलं हेसुद्धा त्यात कारण आहे. सज्ञान बाई असेल तर तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. लिंगनिदान हा गुन्हा आहे, तो वेगळा. त्यावर देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, देशाचा झाला १९९४ मध्ये. आपण दोन्ही एकाच फलकावर रंगवले. फलक मी रंगवला.

२०२१ च्या दुरुस्तीनं असंही घातलं, की गर्भपात केलेल्या बाईचं नाव डॉक्टरनं बाहेर फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद. डॉक्टरनं फोडलं तर! फाटकासमोर उभं राहून पोरांनी व्हिडीओत फोडलं तर ते कलम गप्प.

तिकडे लंडनच्या पश्चिमेला ईलिंग म्हणून भाग आहे. तिथं मॅटॉक लेनवरच्या गर्भपाताच्या दवाखान्यापुढं वर्षानुवर्षं माणसं उभी राहायची. कुणी प्रार्थना करी, कुणी येणाऱ्या बाईच्या हातात पत्रकं कोंबी. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या कौन्सिलनं हुकूम काढला, या दारापुढं हे चालणार नाही. मग आणखी गावांनी काढले, आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये दवाखान्याभोवती १५० मीटरची हद्द आली. दीडशे मीटर म्हणजे हलगी ऐकू येते, चेहरा ओळखू येत नाही. अमेरिकेत उलटं झालं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं ३५ फुटांची रेघ आखली होती, ती २०१४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं पुसली. रस्ता बोलण्यासाठी आहे, म्हणाले.

हे म्हणणं मला सहजासहजी फेकून देता येत नाही. सरकारच्या रेघा आपण अंगावर झेलल्यात. काल कलम १४४ होतं, आता १६३ आहे. मुंबईत पोलीस कायद्याचं ३७ आहेच. मोर्चा निघाला की आझाद मैदानात कोंडला जातो. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेवर माणसं रस्त्यावर आली, तर गोळीबारात दहा जण मारले. जमावबंदी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं.

पण मग नाशिक आठवा. १९३० ला आपली माणसं काळारामाच्या दारात बसली ती आत जायला मिळावं म्हणून. इंदापुरात आम्ही दारात बसलो ते बायांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. दार अडवून बसलेले पुजारी त्या दिवशी आम्ही होतो, हातात झेंडा मात्र निळा.

आणि पुणं तर इंदापूरहून तीन तासांवर. १८६३ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी तिथं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. आल्या त्या बहुतेक बामणांच्या विधवा. ज्यांनी आपल्याला पाणी दिलं नाही त्यांच्याच घरातल्या. वसूल करायचं असतं तर तेव्हा दारात गर्दी जमवता आली असती. त्यांनी भिंतींवर जाहिरात लावली, की गुपचूप या, गुपचूप बाळंत व्हा. १० नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, भाषण बाबासाहेबांनी लिहून दिलेलं. ठराव पडला. तो गर्भपाताचा नव्हता, मान्य. पण पोर कधी नि किती हे बाईच्या अंगाचं दुखणं आहे, हे आपल्या बापाला तेव्हा कळत होतं.

काही पोरं विचारतात, मग लिंगनिदान करणारा डॉक्टर सोडून द्यायचा? कोण म्हणतं! १९९४ च्या कायद्याचं कलम २८ काढा. समुचित प्राधिकाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, त्यानं काही केलं नाही तर तुम्ही-मी थेट कोर्टात तक्रार करू शकतो. यात हलगी नाही, कागद गोळा करायचा कंटाळवाणा उद्योग आहे. म्हणूनच आपण तो केला नाही.

वहिनीला मी हे सगळं वाचून दाखवलं आणि तिच्याबद्दल लिहू का विचारलं. 'लिवा, पन नाव नको,' म्हणाली. व्हिडीओ ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये असेल त्यांनी आज पुसावा.

पुढचा मोर्चा बारामतीच्या प्रांत कचेरीवर. दोन्ही तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यांत ही सोय फुकट नि रोज पाहिजे, आणि नवऱ्याची सही लागत नाही हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, दारावर लिहिलेलं पाहिजे. १६३ लावायचं तर लावा म्हणावं. घोषणा या वेळी वस्तीतल्या बायका लिहिणार आहेत. मी फलक धरीन.