‘होईल सवय’

मराठीत शिव्यांना तोटा नाही. पण माझ्या मते सर्वांत घातक असे जे दोन शब्द आहेत, ते शिव्यांच्या कुठल्याच यादीत सापडत नाहीत. ते शब्द म्हणजे ‘होईल सवय’. नव्या सुनेला सासूने, नव्या कारकुनाला हेडक्लार्कने, नव्या भाडेकरूला घरमालकाने आणि लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला खिडकीपाशी बसलेल्याने हे शब्द ऐकवलेले असतात. बोलणारा नेहमी बसलेला असतो आणि ऐकणारा लोंबकळत असतो, एवढे लक्षात घेतले की या दोन शब्दांचे सगळे अर्थशास्त्र कळते. त्यासाठी माझ्यासारखे बी. कॉम. होण्याची गरज नाही.

पण माणसाचे एक वेळ ठीक आहे. सून माहेरी जाऊ शकते, कारकून युनियनकडे जाऊ शकतो, भाडेकरू भाडे थकवू शकतो. ज्याला यातले काहीही करता येत नाही, अशा एका जीवाच्या वतीने मी आज वकीलपत्र घेतले आहे. हा जीव म्हणजे दिवाणखान्यातल्या फिशटँकमधला मासा.

कुठल्याही रंगीत माशांच्या दुकानात जाऊन बघा. गिऱ्हाईक विचारते, “हा याच्याबरोबर राहील का हो?” दुकानदार हातातली जाळी न थांबवता म्हणतो, “राहील की! दोन दिवस जरा मागे लागेल, मग होईल सवय. सगळे कम्युनिटीच आहेत.” कम्युनिटी! हा शब्द कानावर पडला की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे सर्वधर्मसमभावाचे पोस्टर उभे राहते. प्रत्यक्षात ‘कम्युनिटी टँक’ याचा अर्थ एवढाच, की एकाच पाण्यात, एकाच तापमानात आणि एकमेकांना न खाता राहू शकणाऱ्या जाती निवडून एकत्र ठेवणे. यातला ‘निवडून’ हा शब्द दुकानात गाळला जातो, कारण निवडायला बसलेले गिऱ्हाईक कमी मासे नेते.

आमच्या शाखेत साहेबांनी शोभेसाठी एक टाकी आणवली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तरी जेमतेम छप्पन्न लिटर. तीत दहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब, तळहाताएवढे दोन एंजल, दोन गोल्डफिश आणि ‘शार्क’ नावाने खपणारी दोन पिल्ले असे वीस मासे एकाच दुपारी सोडण्यात आले. “एवढ्यात इतके?” असे मी विचारले, तर साहेब म्हणाले, “होईल सवय.” साहेब बसलेलेच होते.

पंधरा दिवसांनी टाकीची शिल्लक बारा भरली. आठ मासे विनाव्हाउचर गेले! बँकेत आठ रुपये कमी भरले तर रात्री दहापर्यंत बसवून ठेवतात. इथे कुणाला त्याचे काही नाही. पण जमाखर्च शिकलेल्या माणसाला एक नियम ठाऊक असतो, की जे एका खात्याच्या नावे पडते, ते दुसऱ्या कुणाच्या तरी जमेला दिसलेच पाहिजे. निऑनच्या नावे सात पडले होते आणि ते कुणाच्या जमेला गेले, हे एंजलच्या पोटाकडे बघून शिपायालाही सांगता आले असते. निऑन तीन-साडेतीन सेंटिमीटरचा. वाढलेल्या एंजलच्या तोंडात तो मावतो, आणि जो तोंडात मावतो तो शेजारी नसतो, फराळ असतो. आठवा गेला तो त्या दोन एंजलपैकीच एक. त्याच्या लांब लोंबत्या परांचे बार्बांनी कुरतडून कुरतडून केस विंचरायच्या फणीसारखे दात केले होते. उरलेला हीटरच्या मागे तोंड लपवून उभा, पर आवळलेले, रंग फिका.

यावर साहेबांनी तोडगा काढला: “नवे दहा निऑन आणा.” थकलेले कर्ज फेडायला नवे कर्ज द्यायचे आणि खाते चालू आहे असे दाखवायचे, त्यातलाच हा प्रकार.

आणि शाखेचे एकमताने निदान काय? “बार्ब हलकट आहे.” इथेच माझे भांडण आहे. बार्ब हलकट नाही. हा कळपाने राहणारा मासा. आठ-दहा जणांत ठेवला की त्याची बहुतेक कुरापत आपसांतच जिरते. चारच ठेवले की ती शेजाऱ्यावर निघते, आणि शेजाऱ्याचे पर लांब असले तर मग विचारूच नका. चार बार्ब आणि लांब परांचा एंजल ही जोडी जमवली कुणी? बार्बाने तर अर्ज केला नव्हता.

माशांच्या भांडणाचा अभ्यास केलेले विद्वान आहेत, आणि ते आमच्या हेडकॅशियरइतके रागीट नाहीत. नेदरलँड्समध्ये लायडन इथे टिंबरगेन म्हणून शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे स्टिकलबॅक नावाचे छोटे काटेरी मासे असत. विणीच्या दिवसांत नराचे पोट लाल होते आणि आपल्या हद्दीत दुसरे लाल पोट दिसले की तो धावून जातो. टिंबरगेन यांनी नुसते खालून लाल रंगवलेले ओबडधोबड ठोकळे दाखवले, तरी नर त्यांच्यावर तुटून पडत. हुबेहूब मासा, पण लाल पोट नसलेला, याची मात्र फारशी दखल घेत नसत. एवढेच नव्हे, तर खिडकीबाहेरून लाल टपालगाडी गेली की टाक्यांतले नर तिच्यावरही धावून जात. आता या माशांचे टपालखात्याशी काय वैर असणार? दुसरे विद्वान कोनराड लोरेन्झ. त्यांनी प्रवाळातले रंगीबेरंगी मासे पाहून १९६३ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिले, की हे मासे सर्वांत जास्त चिडतात ते आपल्याच जातभाईवर, कारण अन्न आणि जागा यांचा खरा वाटेकरी तोच. (हे कळायला आम्हा सख्ख्या भावांना पुस्तकाची गरज पडत नाही.) या दोघांना १९७३ साली, कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर, नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, माशाचे भांडण हा त्याचा दुर्गुण नसून ती त्याची सातबारा सांभाळण्याची पद्धत आहे.

आता ‘होईल सवय’ पक्षाचे युक्तिवाद एकेक करून घेतो. मला ते पाठ आहेत.

पहिला: “नदीत राहतातच की एकत्र!” राहतात. पण नदीत हरलेला मासा पळून जातो आणि जिंकणारा थोडे अंतर पाठलाग करून परत फिरतो. भांडण तिथेच मिटते. टाकीत हरलेला दोन फूट पळतो आणि काचेला थडकतो. जिंकणाऱ्याच्या मते तो अजून हद्दीतच उभा आहे. मग पुन्हा मार. यात सवय कसली होणार? सवय होते ती मारणाऱ्याला. शिवाय ही नदी कुठली, हेही विचारावे. निऑन ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ पाण्यातला, मॉली आणि प्लॅटी मेक्सिकोकडच्या जड पाण्यातल्या, गोल्डफिश चीनमध्ये हजारावर वर्षे पाळलेला आणि थंड पाण्यात सुखी. यांची गाठ कुठल्या नदीत पडली होती?

दुसरा: “दुकानात तर एकत्रच होते.” दुकानातली टाकी म्हणजे एस. टी. स्टँड. तिथे कुणाचीच जागा नसते म्हणून भांडण नसते. घरी आला, एक दगड आवडला, की मालकी सुरू होते.

तिसरा: “आत्ता तर लहान आहे.” साहेबांनी आणलेला तो ‘शार्क’ हा शार्क नव्हेच. तो मेकाँग नदीकडचा एक कॅटफिश. पुरा वाढला तर मीटरभराच्या वर जातो आणि हॉटेलात ‘बासा’ म्हणून आपल्या पानात येतो. ज्याचा कायमचा पत्ता मेनूकार्डावर आहे, त्याला छप्पन्न लिटरच्या शोभेत बसवणे याला काय म्हणावे? वर आणखी एक अफवा अशी, की मासा टाकीच्या मापानेच वाढतो. मासा टाकीच्या मापाने वाढत नाही, टाकीच्या मापाने खुरटतो. लहान बूट घातल्याने पाय लहान राहतो असे म्हणण्यासारखेच आहे हे.

चौथा: “जास्त झाला तर तळ्यात सोडून देऊ.” याने भांडण दिवाणखान्यातून उचलून गावात नेले. काच साफ करतो म्हणून आणलेला ‘सकर’ फूटभर वाढतो, मोठेपणी शेवाळापेक्षा चपट्या अंगाच्या माशांचे अंग चाटत सुटतो, आणि असे सोडून दिलेले सकर आज देशातल्या कितीतरी तळ्यांत आणि नद्यांत ठाण मांडून बसले आहेत. स्थानिक मासे त्यांना म्हणताहेत का, “या, होईल सवय”?

पाचवा आणि सर्वांत खरा युक्तिवाद कुणी मोठ्याने बोलत नाही: “मेला तर मेला, चाळीस रुपयांचा तर मासा.” यावर मी विनोद करणार नाही. अंगावरचे खवले उपटले जात असताना कोपऱ्यात उभे राहणे हे चाळीस रुपयांत बसत नाही. मासा ओरडत नाही, एवढाच आपला फायदा.

तुम्ही म्हणाल, मग काय मासे पाळूच नयेत? जरूर पाळावेत. माझ्या घरी टाकी आहे. पण सगळी समजूतदारी माशाने दाखवायची, हा करार मला मान्य नाही. दोन फुटांच्या टाकीत एक तर जड पाण्याचे घराणे घ्यावे, म्हणजे गप्पी किंवा प्लॅटी, आणि त्यांतही एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर एकाच मादीला दिवसभर पळवून दमवतात. नाहीतर आपला झेब्रा डॅनियो घ्यावा. गंगेच्या खोऱ्यातला हा मासा १८२२ साली हॅमिल्टनसाहेबाने शास्त्राच्या वहीत नोंदवला. काटक, स्वस्त, फक्त सहा-आठ जणांचा घोळका मागतो. आपल्याच सह्याद्रीतला ‘मिस केरळ’ दिसायला फार देखणा, स्वभावाने शांत. पण तो चांगला वीतभर होऊ शकतो, कळपाने फिरतो आणि मोठी टाकी मागतो. शिवाय मूळ रानातच त्याची संख्या धोक्यात आली आहे. उलट तिकडचाच बोटाच्या दोन पेरांएवढा पफर दिसतो लाडू, पण दुसऱ्याचे पर कुरतडण्यात बार्बालाही ऐकत नाही. आकारावर आणि चेहऱ्यावर जाऊ नये, हे कर्ज देणाऱ्या माणसाने तरी सांगायला नको.

सयामी फायटरचा नर मात्र टाकीत एकच. थायलंडने २०१९ साली ज्याला राष्ट्रीय जलचर केले तो हा. दोन नर एकत्र ठेवणे म्हणजे जॉइंट अकाउंट उघडण्यासारखे आहे, आणि त्यावरची सूचना एकच: ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’.

टाकी भरली की दुसऱ्या दिवशी मासे सोडू नयेत. मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. मग आधी गरीब मासे, हद्दीचा हट्ट धरणारे शेवटी. मध्ये झाडे, लाकूड, दगड असे लावावेत की एका टोकाला उभ्या असलेल्याला दुसरे टोक दिसू नये. डोळ्यांआड झालेला शत्रू माशाच्या लेखी निम्मा मिटतो. नवा पाहुणा आणायचा तर आधी दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांचेही उतारे रद्द होतात. दिवा मालवावा, आधी खाऊ घालावे, आणि तेही दोन ठिकाणी. तरीही एक जण दिवसभर दुसऱ्याच्या मागे असेल, तर मारणाऱ्याला उचलून चार दिवस वेगळे ठेवावे. परत येतो तेव्हा जागा दुसऱ्यांनी वाटून घेतलेली असते आणि स्वारी नव्याने बदलून आलेल्या मॅनेजरइतकी नम्र झालेली असते. एवढे करूनही जमले नाही तर? तर त्या दोघांचे जमत नाही, इतकाच त्याचा अर्थ. एकाला दुसरी टाकी किंवा दुसरे घर बघावे. ‘सवयी’च्या भरवशावर ठेवू नये.

माझी मागणी साधी आहे. बँकेत हजार रुपयांचे खाते उघडायला आम्ही माणसाकडून फोटो, पत्ता, पॅनकार्ड आणि आधार मागतो. मग मासा घेण्याआधी दुकानात पाच प्रश्न विचारायला काय हरकत आहे? मोठा होऊन केवढा होणार? पाणी कसले लागते? किती जणांत राहतो? काय खातो, आणि ते खाद्य माझ्या टाकीत आधीपासून पोहत तर नाही ना? स्वतःची जागा धरून बसतो का? पाचांतल्या एकाही प्रश्नाला ‘होईल सवय’ हे उत्तर आले, तर अर्ज नामंजूर करावा आणि रिकाम्या हाताने घरी यावे. पोरे चार दिवस भुणभुण करतील. करू देत.

होईल सवय.